सतरा नंबरची दुसरी प्रत

पेण
शुक्रवार, १६ मे २०२५, सकाळी साडेदहा

प्रिय नूर,

मोरूचा सलाम घे. आम्ही सगळे धड आहोत. कुवेतच्या भट्टीत तूही धड असशील असं धरून चालतो.

तुझा पुतण्या खालिद परवा बाजारात भेटला. रजा संपली, गुरुवारी बावीस तारखेला रात्रीचं विमान आहे म्हणाला. "चाचाला काय द्यायचं असेल तर द्या, पण लोणचं नको. मागच्या टायमाला बॅगेत फुटलं, कस्टमवाल्यानं पण बोटं चाटली." मी म्हटलं, कागद देईन, कागद फुटत नाही. तेव्हा हे पत्र त्याच्याबरोबर येईल. तोवर जमेल तसं लिहीत जाईन आणि दर वेळी वर तारीख घालीन.

हातात फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटणारच. रोह्याच्या छापखान्यात तू पायानं ट्रेडल मशीन मारायचास आणि मी खिळे जुळवायचो, तेव्हापासून तू मला ओळखतोस. तोंडानं बोलताना मला वळसे घालता येतात. जुळवायला बसलं की येत नाहीत, एकेक अक्षर उचलून लावावंच लागतं. म्हणून पत्र.

वैशालीचा गुडघा पुन्हा सुजलाय. डॉक्टर म्हणतात जिने कमी करा, ती म्हणते डॉक्टरला सांगा आमच्याकडे येऊन जिना काढून न्या. बाकी पेणमध्ये मे महिना म्हणजे काय ते तुला माहीत आहे. गल्लीत पायरीपायरीवर बिनरंगाचे गणपती वाळत बसलेत, पाय ठेवायला जागा नाही. या गावात घरटी एक कलाकार, पण तो मूर्तीचा. लाकूड कोरून कागदावर छापणाऱ्याला अजून विचारतात, "लग्नपत्रिका पण करता का हो?" माझं चित्र मुंबईच्या गॅलरीत लागतं हे त्यांना सांगून उपयोग नाही. सांगतो मात्र.

गेल्या मेच्या वादळानंतर गल्लीतल्या तिघांना मी ग्राहक तक्रारी लिहून दिल्या, हे तुला बोललो होतो का? पत्रे, कौलं, पंप, सगळ्या दुरुस्त्यांमध्ये फसवलेले लोक. अलिबागच्या जिल्हा आयोगात माझ्या एकाही अर्जात खोट निघाली नाही. तिथल्या एका वकिलानं विचारलं, लॉ कुठून केलंत. म्हटलं, रोह्याच्या छापखान्यातून, उलटी अक्षरं वाचून. तो कायदा मी ओळ न् ओळ वाचलाय. दुरुस्ती कबूल केली तशी केली नाही तर त्याला काय नाव आहे, विकताना खोटं सांगितलं तर त्याला काय नाव आहे, तक्रार किती दिवसांत करायची (दोन वर्षं), सगळं. हे तुला का सांगतोय ते पुढे येईल.

तुझं घर उभं आहे. फरझानावहिनी आणि अक्सा बऱ्या आहेत.

आज वारा विचित्र आहे. या दिवसांत दुपारनंतर सुटतो, आज सकाळपासूनच आहे. कागद उडतोय म्हणून वर एक बोल्ट ठेवलाय. बोल्ट म्हणजे बोल्टचं नुसतं डोकं. कुठून आलं तेही पुढे लिहीन.

लिहिलेलं वाचून पाहिलं. वर मी "उभं आहे" असं लिहिलंय. खोडत नाही. आज इथेच थांबतो.

रविवार, १८ मे, दुपारी तीन

बोल्टचं लिहितो.

मंगळवारी तेरा तारखेला अक्सा कॉलेज सुटल्यावर आमच्याकडे आली. तुला ठाऊक आहे ती अधूनमधून येते, वैशालीच्या हातचं काहीतरी खाते आणि पाच-सव्वापाचची गाडी पकडून रोह्याला जाते. त्या दिवशी ती थेट माझ्या शेडमध्ये आली. मी शाई मळत होतो. तिनं रुमालातून हे डोकं काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"चाचा, हे माझ्या खाटेवर पडलं. वरनं."

मी हातात घेतलं. पाऊण इंची, षट्कोनी, वर गंज नाही.

"कामगारांचं जादाचं कुठे अडकलं असेल," मी म्हटलं. "वाऱ्यानं पडलं. काळजी नको."

"जादाचं असेल तर दांडा कुठाय?"

मी म्हटलं, "तुझी गाडी चुकेल."

नूर, एकवीस वर्षांची मुलगी आहे ती, औषधांची हातभर लांब नावं पाठ करते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ते डोकं तिथेच ठेवून गेली. तू मला फोनवर "सब ठीक?" विचारलंस ते त्याच रात्री. मी म्हटलं, एकदम.

आता नीट ऐक. तुझ्या घराचं वरचं छप्पर गेल्या वादळात उडालं, पावसाळा ताडपत्रीवर काढला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जितेश ठेकेदारानं नवे पत्रे टाकले. जितेश मी सुचवलेला. त्याच वादळानंतर माझ्या शेडचं छप्पर त्यानं केलं होतं आणि ते चांगलं केलं होतं, तेव्हा ते सुचवणं खोटं नव्हतं. करार मीच लिहिला. छपराचे लोखंडी पाइप भिंतीच्या डोक्यावर चौदा ठिकाणी टेकतात. प्रत्येक ठिकाणी लोखंडी पट्टी, प्रत्येक पट्टीला चार बोल्ट, सहा-सहा इंच भिंतीच्या आत. एकूण छप्पन्न. आकडा मीच घातलाय.

माझ्यासमोर आहे त्या डोक्याची मागची बाजू सपाट आहे. कटरनं कापलेली. आणि त्या सपाट बाजूवर सिमेंट चिकटलंय. याचा अर्थ ते वाऱ्यानं तुटलेलं नाही. आधी कापलं, मग वरून चिकटवलं. खालून पाहणाऱ्याला बोल्ट दिसावा म्हणून.

एक असं असेल तर बाकीचे पंचावन्न कसे आहेत?

असे सगळेच असतील तर तुझं छप्पर भिंतीला धरलेलं नाही. ते नुसतं आपल्या वजनानं बसलंय, डब्यावर झाकण बसतं तसं. तुझा वरचा सज्जा नदीच्या बाजूला उघडा आहे. वारा तिथून आत शिरला की खालून उचलणार. आणि अक्साची खाट बरोबर मधल्या पाइपाखाली. आता कळलं मला झोप का नाही?

मी त्यांना सांगितलेलं नाही. आज पाचवा दिवस. सकाळी अक्साचा मेसेज आला: "चाचा, वर टकटक होतं." मी लिहिलं: "पत्रा तापला की वाजतो." हे पत्र्याच्या घरात राहणाऱ्या कुणालाही खरं वाटेल. रविवारी सकाळी सात वाजता पत्रा तापत नाही.

का सांगितलं नाही, ते लिहितो. काम झाल्याच्या कागदावर तुझ्या वतीनं माझी सही आहे. तीस नोव्हेंबर. ती पाहून तू शेवटचा हप्ता पाठवलास.

त्या दिवशी जितेश कागद घेऊन माझ्या शेडमध्ये आला. मी म्हटलं, उद्या रोह्याला येतो, शिडी लाव, बोल्ट पाहतो, मग सही. तो "हो हो" म्हणाला आणि भिंतीवरच्या 'धरमतर, ओहोटी'समोर जाऊन उभा राहिला. तेच चित्र, तुझ्या हॉलमध्ये आहे ते. चिखलात टेकलेले बार्ज आणि त्यांचे दोर. तो अर्धा तास तिथून हलला नाही. विचारलं, दोराचा पीळ कुठल्या पटाशीनं काढला. शिवणीचं लाकूडच का घेतलं, साग का नाही. पाणी जिथे आहे तिथे काहीच कोरलेलं नाही, नुसता कागद सोडलाय, तरी ओलं कसं दिसतं. नूर, पन्नाशी गाठली मी. या गावात मला हे कुणी विचारलं नव्हतं.

मी सही केली. न जाता, न चढता. आणि नुसती सही करून थांबलो असतो तरी बरं होतं. कागदावर छापील एक ओळ होती, "काम समाधानकारक आहे." मला ती ढिसाळ वाटली. मी पेन घेतलं आणि तिच्याखाली माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं, "सर्व छप्पन्न बोल्ट मी जातीने तपासले आहेत." ती ओळ जितेशनं मागितली नव्हती.

काल त्याच्याकडे गेलो होतो. ते आज लिहवत नाही.

मंगळवार, २० मे, सकाळी

रेडिओवर सांगतायत समुद्रात काहीतरी तयार होतंय. रायगडला इशारा दिलाय. खालिद निघायला दोन दिवस. म्हणजे वळसे घालायला दोन दिवस.

शनिवारी जितेशच्या ऑफिसात गेलो आणि हे डोकं त्याच्या टेबलावर ठेवलं.

"या मास्तर. बसा. चहा सांगू?" त्यानं ते उचललं, उलटं केलं. "कुठलं हे?"

"रोह्याचं. नूरच्या घरातलं."

"कोणी बघितलं?"

लक्षात घे. कसं पडलं, असं नाही विचारलं.

"मी बघितलं," मी म्हटलं.

"मग झालं तर. तुम्ही तर सगळे छप्पन्न बघितलेत. जातीनं." तो हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. "मास्तर, ती लाइन मी नव्हती हां मागितली."

मी कायदा काढला. म्हटलं, अलिबागला तक्रार टाकतो, सेवेतली त्रुटी, आणि नुसती त्रुटी नाही, फसवणूक. तो ऐकत राहिला. मग त्यानं खालचा खण उघडला आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद काढून माझ्यासमोर सरळ केला.

'धरमतर, ओहोटी'. खालच्या कोपऱ्यात पाण्याचा पिवळा डाग. डावीकडे पेन्सिलीनं १७/४०, उजवीकडे माझी सही.

"तुमची शेड केली तेव्हा राडारोडा माझ्याच टेम्पोत भरला होता ना. त्यात गावले. अकरा होते. मला आवडले, सुकवून ठेवले." बोट त्यानं आकड्यावर ठेवलं. "हे सतरा. रोह्याला पत्रे टाकत होतो तेव्हा हॉलमध्ये बघितलं, ते पण सतरा. एकच चित्र, दोन सतरा. कशे हो मास्तर? आमच्यात तर एका नंबरच्या दोन गाड्या फिरल्या की आरटीओ धरतो."

मी बोल्टचं डोकं उचलून खिशात घातलं.

"तुम्ही अलिबागला जा. मी पण येतो. एकाच गाडीनं जाऊ, डिझेल वाचंल."

आता तुला जे सांगायचं ते हे आहे. तुला छपाई ठाऊक आहे, तरी सगळं लिहितो, काही गाळलं असं व्हायला नको.

अशा चित्राच्या ठरावीक प्रती काढतात. मी चाळीस काढल्या, जानेवारी २०२४ मध्ये. प्रत्येकीवर आकडा. चाळीस झाल्या की लाकडी ठशावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चीर मारायची, म्हणजे पुन्हा कुणी छापू शकत नाही. घेणारा माणूस चित्राची किंमत देतो त्यात त्या चिरेची किंमत असते. प्रत्येक प्रतीबरोबर मी प्रमाणपत्र देतो. तुझ्याकडेही आहे, उघडून बघ. "ठसा दि. २० जानेवारी २०२४ रोजी रद्द केला." आणि खाली, माझंच वाक्य, माझ्याच हातानं जुळवलेलं: "खराब झालेली प्रत फाडली जाईल व तिचा आकडा पुन्हा वापरला जाणार नाही."

मी चीर मारली नव्हती. सात महिने कोरलेली फळी, नूर. पटाशी घेऊन तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. प्रमाणपत्रं मात्र छापून झाली होती, तारखेसकट.

मग मेमध्ये वादळ आलं आणि शेडमधल्या अकरा प्रती भिजल्या. बारा ते बावीस. मी त्या फाडल्या नाहीत, चुरगळून ढिगात टाकल्या. फाडायलाही हात झाला नाही. जूनमध्ये त्याच ठशावरून नव्या अकरा काढल्या आणि तेच आकडे घातले. स्वतःला समजावलं, चाळीस होत्या, चाळीसच आहेत, कुणाचं काय गेलं? नव्या तर जास्त चांगल्या निघाल्या होत्या. सगळ्या विकल्या.

त्यातली एक तुला. ऑगस्टात तू रजेवर आलास, मी फुकट देत होतो, तू म्हणालास, "फुकटचं टांगलं तर ते तुझंच राहील, माझं व्हायचं नाय." आणि सतरा मागून घेतलास. सतरा तारखेला अक्सा झाली म्हणून.

मी तिघांच्या तक्रारी लिहिल्यात. या गोष्टीला कायद्यात काय नाव आहे ते मला शोधावं लागलं नाही. अनुचित व्यापारी प्रथा. त्याच पुस्तकात, जितेशच्या त्रुटीच्या नावापासून चार पानांवर. हे बाहेर आलं की गॅलरीवाले पहिल्या दिवशी माझी चित्रं उतरवतील. आणि पेणमध्ये कुणी म्हणणार नाही, मोरूनं एकदा चूक केली. म्हणतील, मोरूचे नंबर खोटे. तीस वर्षांत दुसरं मी काय कमावलंय ते सांग.

सात दिवस मी तुझ्या बायकोच्या आणि मुलीच्या डोक्यावरचं छप्पर एका पारड्यात ठेवलं होतं आणि दुसऱ्यात हे. लिहून काढल्यावर दिसतंय ते कसं दिसतंय.

वैशालीला काल रात्री सांगितलं. मला वाटलं होतं रडेल. ती गुडघ्याला तेल चोळत होती, चोळतच राहिली. म्हणाली, "ते छप्पर पडलं तर तुमच्या चित्रांकडे मी तरी बघेन का हो?"

बुधवार, २१ मे, निडी स्टेशन

फलाटावर बसून लिहितोय, अक्षर वाकडं येईल. क्रॉसिंगसाठी रोह्याची गाडी अर्धा तास थांबवलीये. समोरून पेणकडे जाणारी गाडी येईल. मनात येतं, तिच्यात चढावं. आलीच बघ.

गेली. मी या बाजूलाच आहे.

रोहा, तुझं घर, वरची खोली
गुरुवार, २२ मे, दुपारी सव्वाचार

नूर, वहिनी आणि अक्सा इथे नाहीत. कालपासून वहिनींच्या बहिणीकडे अष्टमी गावात आहेत, पुलापलीकडे, स्लॅबच्या घरात. हे आधी सांगतो म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल.

काल स्टेशनवरून थेट आलो. वहिनी गॅसवर काहीतरी ढवळत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बोल्ट, सही, सतरा नंबर. मधे त्यांनी गॅस बंद केला, एवढंच.

"मंगलवारपासून तुमाला म्हायती हाय?"

"गेल्या मंगळवारपासून. आठ दिवस झाले."

"आणि माझी पोरगी आठ दिस त्याच्याखाली निजली."

मी म्हटलं, हो.

त्यांनी अक्साला हाक मारून कपडे भरायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना मी काय सांगायची नाय. तुमच्या हातानं तुम्ही कळवा. सही तुमची हाय ना? मग छप्पर पण तुमीच सांभाला."

अक्सा बॅग घेऊन खाली आली. दारात थांबली. "चाचा, दांडा गावला का?"

"नाही गो," मी म्हटलं. "नव्हताच."

मी शिडी लावली आणि चढलो. जे नोव्हेंबरात करायचं ते मेमध्ये केलं. चौदाही ठिकाणं पाहिली. बोल्टची डोकी नखानं निघतात, छप्पन्नातली मी नऊ काढली आणि मग थांबलो. उरलेली पुरावा म्हणून राहू दिली. खिशात प्रूफचा कागद होता, तो मधल्या पाइपाच्या आणि भिंतीच्या फटीत सरकवला. अडला नाही. एका बाजूनं घातला, दुसऱ्या बाजूनं बाहेर आला.

आज सकाळी धरमतरहून माझा मावसभाऊ बार्जचे जुने दोर टेम्पोत टाकून घेऊन आला. सहा दोर पत्र्यांवरून टाकून खाली तुझ्या माडांच्या बुंध्यांना आवळलेत. गाठी बाबांनी शिकवलेल्या, बार्ज धक्क्याला बांधतात त्या. चित्रात मी त्या बरोबर काढल्यात, तू म्हणाला होतास. खऱ्या बांधताना दोनदा चुकलो.

डोलवीच्या कंपनीत ठेक्यावर वेल्डिंग करणारा आदर्श म्हणून आहे, वैशालीच्या भावाचा जावई. त्याची आज शिफ्ट आहे, उद्या सकाळी आठला माणसं आणि खरे बोल्ट घेऊन येतो. त्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेवलेत, अलिबागला लागतील. उद्या आठपर्यंत हे छप्पर दोरांवर आहे, आणि दोर ताणले की सैल होतात, म्हणून वर कुणीतरी बसून ते पुन्हा पुन्हा आवळायला हवेत. एक पत्रा जरी सुटला तरी खालच्या गल्लीत पोरंबाळं आहेत. म्हणून मी इथे आहे. मला दुसरं काही सिद्ध करायचं नाही, तसं समजू नकोस.

भीती वाटते, हे लिहितो. वारा सज्ज्यातून येतो तेव्हा पाइप आणि भिंत यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ दिसते, आणि मिटते. अक्साची खाट मी भिंतीला लावलीये. रेघ खाटेच्या जुन्या जागेच्या बरोबर वर आहे. आत्ता पुन्हा दिसली. दोर आवळून येतो.

आलो. हात सोलवटलेत, अक्षर सांभाळून घे.

काय काय केलं ते सांगतो. मंगळवारी तुझं पत्र लिहून झाल्यावर ठशावर चीर मारली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, बार्ज, दोर, पाणी, सगळ्यातून. चिरेसकट एक प्रत काढली, ती सोबत घातलीये. तिच्यावर आकडा नाही. मग नोंदवही काढली. बाराव्या ते बाविसाव्या आकड्याच्या लोकांना, तू सोडून दहा जणांना, एकेक पत्र लिहिलं: तुमची प्रत दुसऱ्यांदा छापलेली आहे, प्रमाणपत्रातली तारीख खोटी आहे, चित्र परत करा आणि किंमत परत घ्या, किंवा तक्रार करा, मुदत दोन वर्षं. दहाही पत्रं काल पेणच्या पोस्टात टाकून मग गाडीत बसलो. आता जितेशकडे दाखवायला काही उरलेलं नाही, आणि माझ्याकडे लपवायला. गॅलरीवाल्यांनाही लिहिलंय, त्यांना बहुतेक शनिवारी मिळेल.

तुझ्या हॉलमधलं सतरा उतरवून कापडात गुंडाळून ठेवलंय. भिंतीवर चौकोन राहिलाय. वहिनींनी जाताना तो पाहिला.

सोबत तक्रारीचा मसुदा आहे. मी आजवर लिहिलेल्यांत हा सर्वांत नीट आहे, एकही खोट नाही, वकील देण्याची गरज पडणार नाही. तक्रारदार तू. सामनेवाला क्रमांक एक, जितेश: कबूल केलेले बोल्ट न घालणे आणि घातल्याचे भासवणे. सामनेवाला क्रमांक दोनचं नाव, पत्ता आणि कलमं मी स्वतः भरलीत. दोन मुद्दे आहेत. न पाहता पाहिल्याची सही, आणि खोट्या प्रमाणपत्रावर चित्र विकणं. पहिल्या मुद्द्यावर आयोग कदाचित म्हणेल की ही मैत्रीतली गोष्ट, इथे बसत नाही. तू तो गाळू नकोस. तुला फक्त तिसऱ्या आणि सातव्या पानावर सही करायची आहे, पेन्सिलीनं खूण केलीये. क्रमांक दोनचं नाव खोडावंसं वाटलं तर नको खोडू. दोस्तीत फुकट सोडलंस तर ते माझंच राहील.

फोन करशील का, माहीत नाही. केलास तर मी उचलीन. उद्या आठच्या आत केलास तर मागे आवाज येईल, तो तापलेल्या पत्र्याचा नाही.

खाली खालिदनं हॉर्न दिला. दोन वेळा. त्याला म्हटलं होतं वर येऊ नकोस, पत्र टोपलीतून सोडतो. वाऱ्यानं उडू नये म्हणून टोपलीत वर ते डोकं ठेवणार होतो, पण ते अलिबागला लागेल. त्याऐवजी तुझ्या दारातला दगड ठेवतोय.

रेघ आत्ता दिसत नाही.

तुझा जुना जोडीदार, आणि सोबतच्या कागदांतला सामनेवाला क्रमांक दोन,

मोरेश्वर गुणाजी घरत

(ही एकच प्रत. हिची नक्कल मी ठेवलेली नाही.)